घरघर घालवा, अर्थची पिन नव्हे

‘अर्थची पिन काढून टाका, घरघर थांबेल.’ सिनेमा बंद असतानाही होम थिएटरच्या स्पीकरमधून जाड, सलग ‘हं’ येत राहिला, की लोणावळ्या-मावळात हा सल्ला हमखास मिळतो. देणारा कधी सिस्टिम बसवायला आलेला मुलगा असतो, कधी शेजारचा हौशी, तर कधी खुद्द वायरमन. पैसे लागत नाहीत, पक्कड पुरते, आणि मुख्य म्हणजे घरघर खरोखरच थांबते. थांबते म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. त्याचा प्रतिवाद नुसतं ‘असं करू नये’ म्हणून होत नाही. घरघर येते कुठून, पिन काढल्यावर ती का जाते आणि जाताना काय काय घेऊन जाते, ते मांडावं लागतं.

या सल्ल्याच्या जोडीला आणखी तीन सल्ले फिरतात. पैसेवाल्याला सांगितलं जातं, ‘जाड, सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्या, पॉवर कंडिशनर बसवा.’ बंगलेवाल्याला सांगितलं जातं, ‘थिएटरसाठी अंगणात वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या.’ आणि ज्याला काहीच करायचं नसतं त्याची समजूत घातली जाते, ‘लोणावळ्याची हवाच दमट, त्यात रेल्वे आणि टाटांच्या लाइनी. इथे आवाज यायचाच.’ हे चारही सल्ले चुकीचे आहेत. तिघांत पैसे किंवा वेळ वाया जातो. पहिल्यात जीव जाऊ शकतो.

सुरुवात हवेच्या सबबीपासून करू. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, काही वर्षी त्याहून पुष्कळ जास्त. या ओलीचा स्पीकरला त्रास होतो, हे खरं. तांब्याच्या तारेच्या उघड्या टोकांवर हिरवट थर चढतो, आरसीए जॅक काळवंडतात, व्हॉल्यूमच्या खुंटीत घाण बसते, जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम चुरा होऊन गळतो. पण यातून येणारा आवाज वेगळा असतो. खुंटी फिरवली की ‘खर्रर्र’, केबल हलवली की ‘करकर’, आणि फोम गेला असेल तर जोराच्या प्रसंगात फाटका आवाज. कॉन्टॅक्ट क्लीनर, तारेची नवी टोकं आणि गरज पडली तर नवा फोम, एवढ्यावर ते मिटतं. कुणीही हात न लावता चोवीस तास एका सुरात चालू राहणारी घरघर ओलीतून जन्माला येत नाही.

रेल्वेचा आणि वीजवाहिन्यांचा आरोप तर साध्या हिशेबापुढेही टिकत नाही. दोन्ही गोष्टी इथे जुन्या आहेत, हे खरं. लोणावळ्याभोवतीच्या तलावांचं पाणी १९१५ पासून खोपोलीत टाटांची वीज करतं. घाटात विजेवर गाड्या धावू लागल्या त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली, आणि डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून हा मार्ग कापते आहे. आज त्या मार्गावर २५ किलोव्होल्टचा, ५० हर्ट्झचा पुरवठा आहे आणि आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झचीच आहे, म्हणून हा आरोप वरवर पटतो. आता आकडे घ्या. रेल्वेच्या तारेत ३०० अँपिअर वाहतात असं धरू. परतीचा प्रवाह रुळांतून येऊन हे क्षेत्र बरंचसं खोडून काढतो, पण ही रेल्वेच्या बाजूची सवलतही सोडून देऊ. तरीही अर्ध्या किलोमीटरवरच्या बंगल्यात चुंबकीय क्षेत्र भरतं सुमारे ०.१२ मायक्रोटेस्ला. याउलट भिंतीत फेज एका वाटेने आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेने ओढलेली असेल, तर गिझर-पंपासारख्या कशाचे तरी ५ अँपिअर नेणाऱ्या त्यातल्या एका तारेपासून दहा सेंटिमीटरवर हेच क्षेत्र १० मायक्रोटेस्ला असतं. म्हणजे ऐंशी पटींहून जास्त. गुन्हेगार रुळांवर शोधायचं कारण नाही, तो टीव्हीमागच्या भिंतीत बसलेला आहे.

आता मूळ रोग. होम थिएटरमध्ये बहुतेक वेळा रिसीव्हर दोन पिनांचा असतो. बरेच सबवूफर, कॉम्प्युटर, काही प्रोजेक्टर आणि वेगळे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मात्र तीन पिनांचे. सेट-टॉप बॉक्समध्ये येणाऱ्या केबल टीव्हीच्या वायरीची जाळी रस्त्यावरच्या खांबापाशी किंवा केबलवाल्याच्या उपकरणापाशी जमिनीला जोडलेली असते. सबवूफरची अर्थ आपल्या घराच्या खड्ड्यात. या दोन जमिनी एकाच पातळीवर नसतात, त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक राहतो. सबवूफर, रिसीव्हर आणि सेट-टॉप बॉक्स आपण सिग्नलच्या वायरींनी जोडतो आणि हे वर्तुळ पूर्ण होतं. मग त्या फरकाचा प्रवाह केबलच्या जाळीतून वाहू लागतो. याला अर्थ लूप म्हणतात.

हा प्रवाह किती क्षुल्लक असला तरी चालतो, तेही पाहू. जाळीतून १० मिलिअँपिअर वाहतात आणि जाळी व तिच्या जोडांचा मिळून रोध ०.१ ओम आहे असं धरा. जाळीच्या दोन टोकांमध्ये १ मिलिव्होल्ट उभा राहतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याला सिग्नल समजून २९ डेसिबल, म्हणजे सुमारे २८ पट वाढवतो आणि स्पीकरवर २८ मिलिव्होल्ट पोचतात. २.८३ व्होल्टला एका मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर यावर ५० डेसिबल आवाज काढतो. आपल्या कानाला ५० हर्ट्झचा सूर ऐकू येण्यासाठीच सुमारे ४४ डेसिबल लागतात, पण १५० हर्ट्झला २० च्या आसपास पुरतात. हल्लीच्या अडॅप्टर आणि एलईडी दिव्यांमुळे अर्थमधल्या प्रवाहात हे वरचे सूर भरपूर मिसळलेले असतात. म्हणून ‘हं’च्या जोडीला ‘झं’ही येतो आणि शांत रात्री तो खोलीभर पसरतो. यात स्पीकरचा दोष काडीचाही नाही. त्याला जे मिळतं ते तो वाजवतो.

एवढं कळलं की महागड्या केबलचा दावा तिथेच कोसळतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तार लूपच्या बाहेर आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला ७ मिलिओमच्या आसपास. दहा मीटर जाऊन-येऊन ०.१५ ओम होतात आणि समोर स्पीकर आहे ८ ओमचा. इथे चांदीची तार घातली तरी घरघर आहे तेवढीच राहणार, कारण ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरताना आधीच तयार झालेली असते. सिग्नलच्या आरसीए केबलला चांगली जाळी आणि घट्ट जॅक हवेत, हे मान्य. तेवढ्यासाठी वायरमनच्या महिन्याच्या कमाईइतकी किंमत मोजावी लागत नाही.

कंडिशनरची गोष्ट याहून गमतीची. घरघरीचा पाया ५० हर्ट्झ आणि घरातला पुरवठाही ५० हर्ट्झचाच. पुरवठा आत सोडायचा आणि त्याच वारंवारितेची घरघर अडवायची, हे काम त्या डब्याला सांगणं म्हणजे दुधातलं पाणी चहाच्या गाळणीने वेगळं करणं. कंडिशनर वरच्या वारंवारितांची कचकच काही अंशी कमी करतो आणि पावसाच्या तोंडावर विजा कडाडतात तेव्हा त्यातलं सर्ज प्रोटेक्शन उपयोगी पडतं. पण ते प्रोटेक्शन सर्जचा मोठा वाटा अर्थमध्ये सोडतं. पिन काढून मग त्यावर कंडिशनर विकत घेणारा गृहस्थ दोन्हीकडून फसलेला असतो.

बंगलेवाल्यांच्या लाडक्या ‘थिएटरच्या स्पेशल अर्थिंग’मागचा हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. लूपचं कारणच मुळी दोन वेगळ्या जमिनी. त्यात आपण तिसरी भर घातली तर फरक वाढणार की कमी होणार? मावळची जमीन तर या बाबतीत फारच लहरी. भातखाचराच्या ओल्या मातीची रोधकता ५० ओम-मीटर धरली, तर अडीच मीटरच्या इलेक्ट्रोडचा रोध सुमारे १७ ओम येतो. तुंगार्लीच्या किंवा खंडाळ्याच्या कड्यावर मुरूम आणि कातळात ती १००० ओम-मीटर धरली, तर तोच इलेक्ट्रोड ३३० ओम देतो. कोळसा-मीठ घातलं, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतलं, तरी वैशाखातला आणि आषाढातला रोध सारखा राहत नाही. घराचा खड्डा आणि थिएटरचा खड्डा असे दोन स्वतंत्र ठेवले आणि जवळ वीज पडली, तर त्या दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. तो फरक आपल्या एचडीएमआय केबलमधून वाट काढतो. नवा खड्डा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण तो जुन्याला जाड तारेने जोडून घ्या. घरात खड्डे कितीही असोत, अर्थ एकच असली पाहिजे.

आता मुख्य आरोपी. पिन तोडली की लूप तुटतो, प्रवाह थांबतो, घरघर जाते. सगळं खरं. पण तीन पिनांच्या प्लगवर ती पिन मुद्दाम सर्वात लांब आणि जाड केलेली असते, कारण प्लग घालताना ती सर्वात आधी जोडली जावी आणि काढताना सर्वात शेवटी सुटावी. आतला फेज कधी तरी धातूच्या पेटीला टेकला, तर प्रवाह माणसाऐवजी तारेतून जमिनीत जावा, एवढ्याच एका कामासाठी ती आहे. पिन काढल्यावर अशा दोषाची कुणाला खबर लागत नाही. सबवूफरची मागची पत्र्याची प्लेट २३० व्होल्टवर बसून राहते आणि सिनेमा छान चालू राहतो. मग कुणी ओल्या पायांनी, ओल्या हाताने व्हॉल्यूम फिरवायला जातं. अशा वेळी शरीराचा रोध हजार-दोन हजार ओमपर्यंत उतरतो आणि शरीरातून शंभर-सव्वाशे ते दोनशेहून जास्त मिलिअँपिअर जाऊ शकतात. हृदय बंद पाडायला यापेक्षा पुष्कळ कमी पुरतात.

लोणावळ्यात हा धोका कागदावरचा नाही, याचं कारण इथल्या घरांच्या वापरात आहे. तुंगार्ली, गोल्ड व्हॅली, वलवण, कुसगाव, पवना धरणाचा काठ, सगळीकडे भाड्याने दिले जाणारे बंगले आहेत. जाहिरातीत ‘स्विमिंग पूल, होम थिएटर’ असं शेजारी-शेजारी लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षातही दोन्ही शेजारी-शेजारीच असतात. पोरं पूलमधून निघून ओल्या चड्ड्यांवर थेट हॉलमध्ये शिरतात. प्लगची पिन कुणी आणि कधी काढली, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्या आईवडलांना नसतं, आणि बऱ्याचदा मालकालाही नसतं. स्वतःच्या घरात स्वतःच्या जिवावर उदार होणं हा मूर्खपणा आहे. पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या जिवावर उदार होण्याला मात्र वेगळं नाव द्यावं लागेल.

यावर तीन प्रत्युत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘आमच्याकडे आरसीसीबी आहे.’ उत्तम, प्रवाह गळताच वीज तोडणारा हा स्विच असलाच पाहिजे. कातळावरच्या ३३० ओमच्या खड्ड्यातून दोषाचा प्रवाह जेमतेम ०.७ अँपिअर वाहतो, त्याने १६ अँपिअरचा एमसीबी हलत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र लगेच पडतो. म्हणून मावळच्या कातळावर तो चैन नाही, गरज आहे. पण अर्थ जोडलेली असेल तर आरसीसीबी दोष निर्माण होताक्षणीच पडतो, माणूस तिथे नसताना. पिन काढली असेल तर पडण्यासाठी तो कुणी हात लावण्याची वाट पाहतो. म्हणजे आपण माणसालाच चाचणीचं साधन करतो. शिवाय आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून तो पडला, तर आरसीसीबी शाबूत आहे एवढंच कळतं. अर्थ आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुसरं, ‘रिसीव्हर तर कंपनीनेच दोन पिनांचा दिलाय.’ बरोबर. त्याच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याची आतली बांधणीच दुहेरी इन्सुलेशनची आहे आणि त्याला अर्थ लावा असं कुणी म्हणत नाही. पण जे उपकरण तीन पिनांचं बनवलं आहे, त्यात ते दुसरं संरक्षण नाही. पक्कड चालवून दुहेरी इन्सुलेशन तयार होत नाही.

तिसरं, ‘इतकी वर्षं चालतंय, काही झालं नाही.’ काही झालं नाही, कारण आतलं इन्सुलेशन अजून धड आहे. ते उंदराने कुरतडेपर्यंत, ओलीने फुगेपर्यंत किंवा पाल आत शिरून मरेपर्यंत धड राहील. लोणावळ्यात आठवडाभर बंद असणाऱ्या बंगल्यात या तिन्ही गोष्टींना वेळच वेळ मिळतो. वर दोषाचा प्रवाह सबवूफरला जोडलेल्या केबलच्या बारीक जाळीतूनही वाट काढतो. मग रिसीव्हर आणि टीव्ही जळतात, आणि आग लागायला बंद घरासारखी जागा नाही.

तर मग करायचं काय? शोधायचं. घरघर खरेदीने जात नाही, शोधाने जाते, आणि त्याला फार तर एक संध्याकाळ लागते. आधी अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या सगळ्या सिग्नल केबल काढा. घरघर तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे, तो दुरुस्तीला द्या. गेली, तर एकेक केबल परत लावत चला. ज्या केबलने ती परत आली, तिच्या पलीकडे चोर आहे. बऱ्याचदा तो केबल टीव्हीच्या वायरीवर सापडतो. सेट-टॉप बॉक्समागची ती वायर काढताच शांतता झाली, तर तिथे कोअ‍ॅक्सियल आयसोलेटर बसवा. डिश असेल तर हा उपाय जपून करावा लागतो, कारण त्याच वायरीतून छतावरच्या एलएनबीला वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. तिथे डिशचा खांब घराच्याच अर्थला जोडा आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यात धातू नाही, म्हणून लूपही नाही. अ‍ॅटमॉससारखे नवे फॉरमॅट तिच्यातून जात नाहीत, ही तिची मर्यादा. ज्यांना ते हवेत त्यांनी सगळी उपकरणं एकाच बोर्डवर, एकाच अर्थवर आणावीत. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागतं.

सबवूफरच घरघरत असेल, तर त्याच्या आरसीए केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. पिन काढून जे होतं तेच तो करतो, लूप तोडतो, पण सिग्नलच्या बाजूने. अर्थ शाबूत राहते. फार स्वस्तातला घेऊ नका, त्यात खालचा बास मारला जातो. ‘झं’ जास्त असेल तर खोलीतले दिव्यांचे डिमर आणि पंख्याचे अखंड फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून पाहा. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवला की हा आवाज जातो. वीज गेल्यावरच झणझणाट होत असेल तर स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर दोषी आहे, साइन वेव्हचा घ्या. नुसती ‘सूं’ येत असेल आणि व्हॉल्यूमबरोबर ती वाढत नसेल, तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज आहे. फार संवेदनशील स्पीकर जवळ ठेवले की तो ऐकू येतो. अंतर दुप्पट केलं की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. आणि बास आला की खिडकी किंवा फॉल्स सीलिंग थडथडत असेल, तर तो प्रश्न विजेचा नाहीच. २० ते २०० हर्ट्झचा सूर हळूहळू वर नेत कान लावा, जिथे थडथड सापडेल तिथे रबराची पट्टी किंवा सिलिकॉन भरा.

या यादीत अर्थ तोडण्याचा उपाय एकदाही आला नाही, कारण त्याची कधीच गरज पडत नाही. यातला बहुतेक खर्च एका महागड्या स्पीकर केबलपेक्षा कमी आहे. बसवणारा तंत्रज्ञ तरीही पक्कड काढत असेल, तर त्याला आपल्या घरातला लूप शोधायचा नाही, लवकर घरी जायचं आहे, एवढं समजून घ्या आणि त्याला जाऊ द्या.

मावळातल्या प्रत्येक बंगलेमालकाला, विशेषतः भाड्याने देणाऱ्याला, एकच विनंती आहे. या आठवड्यात थिएटरमागचे सगळे प्लग बाहेर काढून पाहा. ज्याची पिन तुटलेली किंवा टेप लावून झाकलेली आहे, तो त्याच दिवशी बदला. वायरमनला बोलावून अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजून घ्या, आरसीसीबी नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवा. घरघर त्यानंतर शोधता येईल. तिच्यामुळे आजवर कुणाचा जीव गेलेला नाही.